टचिंग नको

रविवारच्या पेपरातून एक गुळगुळीत पत्रक घसरलं आणि चहाच्या कपाशेजारी पडलं, तर त्यावर दीक्षाचा जबडा होता. चेहरा नव्हता. बाजारात लाल भोपळ्याची फोड कापून ठेवतात तसा कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंतचा नुसता एक तुकडा होता, आणि तो दोनदा छापलेला होता. डावीकडच्या चौकटीत जबड्याच्या कडेवर डाळीएवढा काळा मस, त्यातून उगवलेला एक आगाऊ केस. उजवीकडे तीच कड, मस नाही, केस नाही, कातडी अशी की बोट ठेवलं तर घसरेल. खाली ‘आधी’ आणि ‘नंतर’. त्याखाली ‘शास्त्रीय संशोधनाने सिद्ध’. तिला आधी वाटलं, असे मस काय एकटीलाच असतात? मग तिला पाळीवरची खूण दिसली. कॉलेजात असताना हौसेनं दुसरं भोक पाडून घेतलं होतं, ते पिकलं आणि बुजलं, त्याचा बारीक खळगा. तो खळगा दोन्ही चौकटींत होता. तिचा हात आपोआप जबड्याकडे गेला. तिथे आता मस नव्हता आणि गुळगुळीतपणाही नव्हता. तिथे खजुराच्या बीएवढा कडक, चकचकीत, तांबूस-काळा उंचवटा होता, तो जांभई दिली की ओढायचा, ओढणीची कड लागली की चुरचुरायचा आणि कधी कधी काहीही न लागता खाजायचा. ती पत्रकाकडे बघत राहिली. हे ‘नंतर’ नव्हतंच. नंतर काय झालं ते तिच्या बोटाखाली होतं. पत्रकावरचं सगळं मधलं होतं, आणि ते लोक मध्येच थांबून टाळ्या वाजवत होते.

‘अगं, ही तूच की!’ चंद्रभागाबाईंनी पत्रक उचलून खिडकीकडे धरलं. आई खूश झाली होती, याचाच दीक्षाला पहिला राग आला. ‘किती छान आलंय गं. बघ, तेव्हा झालं होतं ना चांगलं? मग परत एकदा मशीन मारलं की हेही बसेल. उद्या संध्याकाळची वेळ घेतलीय मी, विसरू नकोस. नवा बायोडाटा पाठवायच्या आत झालेलं बरं.’ दीक्षाचे वडील पोपटराव दाढी करत होते. पोस्टातून निवृत्त झाल्यावरही त्यांनी रोजची दाढी सोडली नव्हती. आरशात बघत त्यांनी जबड्याच्या डाव्या कडेवरच्या मसाला वळसा घालून वस्तरा हळूच फिरवला. तोच मस, तीच जागा. लहानपणी दीक्षा त्यांच्या मांडीवर बसून त्या मसावर बोट दाबायची आणि ते ‘ट्रिंग’ करून तारवाल्यासारखे दारात आल्याचं सोंग करायचे. त्यांचा मस कुणी काढा म्हणालं नव्हतं. लग्नाआधी नाही, नंतर नाही. ‘त्यांनी विचारलं होतं का गं तुला, फोटो छापू का म्हणून?’ पोपटरावांनी फेसाळ तोंडानं विचारलं. विचारलं नव्हतं. ‘फाइलसाठी’ म्हणाल्या होत्या डॉक्टर. फाइल आता सगळ्या हडपसरात घरोघरी चहाबरोबर वाटली गेली होती.

आणि सुरुवात तरी कुठून झाली होती, तर मच्छिंद्रकाकांच्या फोटो स्टुडिओतून. हडपसर गावठाणात त्यांच्या वडलांची जमीन होती, ती गेली बिल्डरकडे आणि राहिल्या एका गाळ्यात मच्छिंद्रकाकांनी स्टुडिओ टाकला. दीक्षाच्या बारशापासून ते समाधानदादाच्या लग्नापर्यंत घरातला प्रत्येक फोटो त्यांचा. त्यांची एक ठाम समजूत होती, की फोटो काढणं हे अर्धंच काम, उरलेलं काम टचिंगचं. पूर्वी ते पेन्सिलीनं निगेटिव्हवर चालायचं, मग कॉम्प्युटर आला आणि काकांच्या हाताला उधाण आलं. सुरकुत्या गेल्या, देवीचे व्रण गेले, वस्तीतली झाडून सगळी माणसं एका पिठाची झाली. शाळेच्या गॅदरिंगला बाई पावडरचा डबा घेऊन दीक्षाच्या तोंडावर यायच्या, मानेपर्यंत पांढरी करायच्या आणि मग शेवटच्या रांगेत उभी करायच्या. तेव्हा निदान पावडर पुसून टाकता यायची. बायोडाट्याच्या फोटोला काकांनी न विचारता तिला दोन छटा उजळ केली आणि मस उडवला. त्यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. गिऱ्हाइकाच्या शर्टावरचा धागा शिंप्यानं काढावा तसा त्यांनी तो काढला. तो फोटो बिबवेवाडीला अभयच्या घरी गेला. मुलगा इंजिनिअर, आपल्या समाजातला, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं घर, पत्रिकेबित्रिकेची भानगड नाही. त्यांना फोटो पसंत पडला. आणि मग चंद्रभागाबाईंच्या लक्षात आलं की फोटोतल्या मुलीला मस नाही आणि घरातल्या मुलीला आहे. कुणालाही वाटेल की आता दुसरा फोटो पाठवावा. घरात तसं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. खुद्द दीक्षाच्या मनात आलं नाही, याचं तिला आज सगळ्यात जास्त आश्चर्य वाटत होतं. फोटो गेलाय म्हटल्यावर तो खरा. आता चेहरा त्याच्या मापाचा करून घ्यायचा. पाहण्याच्या कार्यक्रमाआधी मस काढायचा असं ठरलं, जसं बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा असं ठरतं.

सोलापूर रस्त्यावरच्या त्या क्लिनिकात थंडगार हवा होती आणि भिंतीवर सगळ्या परदेशी बायका होत्या, दुधाच्या सायीसारख्या, डोळे मिटून हसणाऱ्या. डॉक्टर उत्कर्षा चटपटीत होत्या. दीक्षाने विचारलं होतं, ‘डॉक्टर, डाग राहील का?’ त्या हसल्या होत्या. ‘लेझर आहे हो. भरपूर स्टडीज झालेत यावर. एव्हिडन्स एकदम स्ट्राँग आहे.’ एव्हिडन्स हा शब्द दीक्षाच्या रोजच्या भाकरीचा. खराडीतल्या काचेच्या इमारतीत ती तेच करायची. परदेशी औषधकंपन्यांसाठी, क्रीमवाल्यांसाठी जगभरचे प्रयोग गोळा करायचे, कुणावर केले, काय केलं, काय झालं, याचे तक्ते लावायचे. पण माणूस दवाखान्याच्या खुर्चीत बसला की ऑफिसातलं शहाणपण चपलांबरोबर बाहेर राहतं. तिने मान वर केली. डोळ्यांवर हिरवा चष्मा, जळलेल्या केसाचा वास, गरम टाचणी टोचत जावी तशी टिकटिक, आणि संपलंसुद्धा. खपली पडली, खाली गुलाबीसर नवी कातडी आली, मग तीही रंगात मिसळली. तेव्हा डॉक्टरांनी फोटो काढला. तोच हा. पुढच्या रविवारी अभयकडची मंडळी आली. उपम्याची बशी हातात धरून तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘फोटोत तुम्ही जरा वेगळ्या दिसता.’ मस गेला होता, पण रंग फोटोतल्यासारखा उजळ नव्हता. निरोप आला नाही. आणि निरोप न येण्याचं दुःख जरा निवतंय तोवर ती जागा खाजू लागली. आधी मोहरीएवढं काही बोटाला लागलं. मग ते मुगाएवढं झालं, मग लांबट, मग कडक. ऑफिसात कानाला लावायच्या माइकची दांडी त्याच्यावर टेकायची म्हणून ती उजव्या कानाला लावू लागली. लोकांशी बोलताना डावी बाजू भिंतीकडे ठेवू लागली. मस होता तेव्हा तिने आयुष्यात कुठलीच बाजू लपवली नव्हती.

डॉक्टरांनी बघून म्हटलं होतं, ‘केलॉइड. जखम भरली तरी वण वाढतच जातो. तुमच्या स्किनमध्ये टेंडन्सी असते.’ तुमच्या. हा शब्द तिने त्या दिवशी गिळला आणि तो महिनोन्‌महिने तसाच घशात राहिला. तुमच्या म्हणजे कुणाच्या? शाळेत एक सर ‘तुमच्यात’ म्हणायचे, ‘तुमच्यात शिकतात हल्ली मुली’, तेव्हा तो शब्द कुठून येतो आणि कुठे जाऊन बसतो ते तिला बरोबर कळायचं. इथे मात्र डॉक्टरांचं मनगट तिच्या गालाशेजारी होतं आणि दोन्हींच्या रंगात चहात दूध थोडं कमी-जास्त पडावं इतकाच फरक होता. म्हणजे बाईंना स्वतःची कातडीसुद्धा ‘आपली’ वाटत नव्हती. पुस्तकात जी कातडी होती ती आपली, आणि या गावातल्या सगळ्या बसगाड्यांत, सगळ्या भाजीमंडयांत फिरणारी ती तुमची.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर तिने पहिलं काम हे केलं, की पत्रकावर बारीक अक्षरात ज्याचा हवाला होता तो प्रयोग शोधून काढला. मंदीत निम्मा मजला रिकामा झाला होता, पण त्वचा उजळवणाऱ्यांचं काम थांबलं नव्हतं. जग बुडालं तरी लोकांना गोरं होऊन बुडायचं असतं. प्रयोग सापडला. चांगल्या मासिकातला, नेटका. प्रयोगवाले कातडीचे सहा प्रकार धरतात, उन्हात भाजून लाल होणाऱ्या पहिल्यापासून ते गर्द काळ्या सहाव्यापर्यंत. या प्रयोगात पहिले तीनच घेतले होते. दीक्षा पाचव्यात बसते, आई चौथ्यात, पोपटराव पाचव्यात. चौथा, पाचवा, सहावा ‘वगळले’. का वगळले, तर वण उठण्याचा धोका जास्त म्हणून. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. धोका आहे एवढं कळण्यापुरते आम्ही त्यांना ठाऊक होतो, म्हणून बाहेर ठेवलं. आणि मग तेच यंत्र बोटीत घालून आमच्याकडे पाठवलं, सोबत कागद की हे सुरक्षित आहे. शिवाय माणसांना बघितलं कुठवर, तर खपली पडून नवी कातडी येईपर्यंत. तिचा वण त्यानंतर उठला. त्यांचं दुकान बंद झाल्यावर. तिच्या वणाला खाज सुटली, इतकी की तिने टेबलाची कड धरली.

शेजारच्या पूर्वानं खुर्ची सरकवली. पूर्वा तिची टीम लीड आणि मैत्रीणही. ‘काय झालं? चेहरा बघ कसा झालाय.’ दीक्षानं पडदा तिच्याकडे वळवला. पूर्वानं वाचलं. ‘हो मग, लिमिटेशन आहे त्यांचं. लिहिलंय ना त्यांनी शेवटी.’

‘आणि आपण काय लिहितो?’

‘आपण जे रिपोर्ट झालं तेच लिहितो. डार्क स्किनमध्ये साइड इफेक्ट, नॉट रिपोर्टेड.’

‘नॉट रिपोर्टेड म्हणजे नाही झाले?’

‘तसं आपण म्हणत नाही.’

‘वाचणारा तसंच वाचतो, पूर्वा. माझ्या डॉक्टरनं तसंच वाचलं.’ दीक्षानं केस मागे घेतले आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा डावी बाजू समोर केली. ‘हे बघ. हे कुठल्या रकान्यात लिहितेस?’

पूर्वानं बघितलं. मग नजर काढून घेतली. ‘यार, तू चिडलीयस, बरोबर आहे तुझं. पण एक केस म्हणजे डेटा नसतो गं.’ ती काही वाईट मुलगी नव्हती, आणि म्हणत होती ते या मजल्यावर रोज म्हटलं जात होतं. पण दीक्षाला वाटलं, एक एक म्हणून बाजूला काढलेल्या सगळ्या बायका एकदा कुठेतरी उभ्या केल्या पाहिजेत. मगरपट्ट्याच्या चौकापासून रांग लावली तर ती कुठवर जाईल? कुणाचा जबडा, कुणाची छाती, कुणाची कानाची पाळी. आणि प्रत्येकीला कुणीतरी सांगितलेलं, की बाई, दोष यंत्राचा नाही, तुझ्या कातडीचा आहे. आपल्या अंगावर आपलंच कातडं चुकीचं बसलंय, हे मान्य करून मुकाट घरी गेलेल्या सगळ्या. ती स्वतःसुद्धा गेली होती. इतके महिने ती आरशात बघून कातडीवरच रागावत होती, आणि तो राग सगळा चुकीच्या पत्त्यावर टाकलेला होता.

संध्याकाळी क्लिनिकात चंद्रभागाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, पर्स मांडीवर, इस्त्रीची साडी, लग्नाला आल्यासारख्या. भिंतीवर परदेशी बायकांच्या शेजारी आता दीक्षाच्या जबड्याला फ्रेम मिळाली होती. डॉक्टर उत्कर्षा म्हणाल्या, ‘या, या. आमच्या मॉडेल! आज वरचा भाग कापून घेऊ आणि त्यावर लेझरचे सेशन. एकदम फ्लॅट होईल.’

‘कुणाचा झाला?’ दीक्षानं विचारलं.

‘म्हणजे?’

‘माझ्यासारखी कातडी. कापून, जाळून, मग वर्षभरानं बघून. कुणाचा फ्लॅट राहिलेला तुम्ही बघितलाय?’

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी राहिलं. ‘हे बघा, मेडिसिनमध्ये गॅरंटी नसते. इंटरनेटवर वाचून आलात का?’

‘नाही. इंटरनेटवर जे जातं ते तयार करते मी.’ हे बोलताना तिचा आवाज चढला आणि बाहेर बसलेल्या दोन मुलींनी माना वर केल्या. ‘तुमच्या पत्रकावरच्या प्रयोगात माझ्यासारखं एकही माणूस नाहीये. मुद्दाम वगळलंय. ठाऊक होतं का तुम्हाला?’

डॉक्टर जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘आम्हाला जे उपलब्ध आहे त्यावरच आम्ही काम करतो. माझ्याकडे दुसरं आहे काय?’ ते खरं असावं. त्या क्षणी त्या थकलेल्या दिसल्या, कपाळावर त्यांच्याही एक करडा डाग होता, पावडरीखाली. दीक्षाला त्यांची दया येऊ घातली होती, पण तिने ती येऊ दिली नाही.

‘आहे की. मी आहे. काढा कॅमेरा आणि आजचा फोटो काढा. त्या फ्रेममध्ये तिसरी चौकट करा.’

‘आत्ता नको. ट्रीटमेंट झाल्यावर काढू.’

‘मग ट्रीटमेंटही नको.’ ती उठली. चंद्रभागाबाई अर्धवट उठल्या, डॉक्टरांकडे बघून ओशाळं हसल्या, मग मुलीच्या मागे निघाल्या. जिन्यात त्यांनी तिचा दंड धरला. ‘काय हे, चारचौघांत! बरं होत होतं ते सोडून. आता असंच ठेवणार का तोंडावर? कोण पत्करणार?’ तिच्या वाईटासाठी आई काही करत नव्हती. आयुष्यभर आईनं आपल्या अंगावर जे जे नको म्हटलं गेलं ते घासून, झाकून, काढून मुलांना पुढे ढकललं होतं, आणि ते चाललंही होतं. दीक्षाला हे सगळं समजत होतं. ‘आई,’ ती म्हणाली, ‘पप्पांचा मस तू कधी काढायला सांगितलास?’

‘त्यांचं काय, त्यांना तो शोभतो,’ चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दीक्षाचा दंड सोडला. जिन्याचा कठडा धरून त्या खाली उतरू लागल्या.

रिक्षातून घरी जाता जाता गावठाणाच्या तोंडाशी दीक्षानं रिक्षा थांबवली. तिला एवढंच कळत होतं, की आज ही जागा कुठेतरी नोंदली गेली पाहिजे. तिच्या मसाचा धड फोटो जगात एकच होता आणि तो क्लिनिकच्या मालकीचा होता. बाकी सगळ्या फोटोंत काकांच्या कृपेनं ती जन्मापासून निष्कलंक होती. वणाचा तरी फोटो तिचा स्वतःचा असावा. तो ती त्या मासिकाला पाठवणार होती, डॉक्टरांना पाठवणार होती, पूर्वाच्या टेबलावर ठेवणार होती. आई रिक्षातच बसून राहिली.

मच्छिंद्रकाकांनी ‘ये पोरी, जयभीम’ म्हणत स्टूल पुढे केलं. ती डावी बाजू करून बसली, केस बांधले, वणाखाली शाळेतली पट्टी धरली, प्रयोगांच्या फोटोंत धरतात तशी. ‘काका, असाच काढायचा. पावडर नको, टचिंग नको.’

‘बरं बरं, तू म्हनशील तसं,’ काका म्हणाले. फ्लॅश उडाला. ते आत कॉम्प्युटरपाशी गेले आणि थोड्या वेळानं पाकीट घेऊन आले. दीक्षानं तिथेच, दारातल्या उजेडात पाकीट उघडलं. पट्टी होती, पट्टीवरच्या रेघाही होत्या. पट्टीच्या वर काहीच नव्हतं. जबड्याची कड साफ, उजळ, पत्रकावर होती त्याहून सुंदर. मोजपट्टी हवेला मोजत होती.

‘काका, हे काय केलंत?’

‘काय केलं?’ काका खरोखरच गोंधळले. ‘अगं, हात बसलाय माझा. बायोडाट्यालाच हाय ना? आन्‌ तुला ल्हानपणापासून बघतोय मी, पोरीच्या तोंडावर आसलं ठिवून देऊ व्हय? माझ्या जिवाला बरं वाटंल का?’

काय बोलणार या माणसाला? डॉक्टरवर ओरडता आलं, त्या दूरच्या संशोधकांना मनातल्या मनात शिव्या देता आल्या. इथे तिला रडू आलं, आणि ते रागाचंच होतं. सगळे तिला पुसत होते. कुणी धंद्यासाठी, कुणी नियमासाठी, कुणी तिचं भलं व्हावं म्हणून, आणि हे शेवटचे सगळ्यात सफाईनं. ती परत स्टुलावर जाऊन बसली. ‘परत काढा,’ ती म्हणाली. ‘आणि मी आत येणार. माझ्यासमोर उघडायचा, माझ्यासमोर छापायचा. माउसला हात लावायचा नाही.’

काकांनी दिवा सरकवून तिच्या जबड्यावर नीट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेकडे कॅमेऱ्यातून काढून टाकण्यासाठी नव्हे, तर बघण्यासाठी बघितलं. ‘दुखतं का गं?’ त्यांनी हळूच विचारलं. महिनोन्‌महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ‘खाजतं,’ ती म्हणाली. ‘आणि ओढतं.’

छपाईचं छोटं यंत्र टेबलावर होतं, एका फेरीत एकच रंग चढवणारं. कागद आत गेला आणि पिवळा होऊन बाहेर आला. त्यात नुसती एक पिवळट बाई होती, वण नव्हता. पुन्हा आत गेला, तांबूस होऊन आला. वण जरासा डोकावला. दारात पावलं वाजली. चंद्रभागाबाई रिक्षा सोडून आल्या होत्या. त्या लेकीच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. कागद तिसऱ्यांदा आत गेला, निळा रंग चढला, आणि या वेळी बाहेर येताना त्याच्यावर कातडीचा तिचा स्वतःचा रंग होता, पाळीवरचा खळगा होता, आणि पट्टीच्या वर खजुराच्या बीएवढा, चकचकीत, कडेला फुगलेला वण होता. काकांनी कागद उचलून तिच्या हातात दिला. अजून गरम होता. चंद्रभागाबाईंनी हात पुढे केला, दीक्षाला वाटलं, आता आई फोटो उलटा करणार. पण त्यांनी फोटोला हात लावला नाही. त्यांनी दोन बोटं दीक्षाच्या जबड्यावर ठेवली, आणि ती तिथून लगेच काढून घेतली नाहीत.